गणपतीसमोर उचललेला पाय

हसायचं तर शेवटी हसा, आधी ऐकून घ्या. गणपतीसमोर मी जे करून बसलो, ते अख्ख्या मॉरिशसमध्ये दुसऱ्या कुठल्या मराठी माणसाने केलं असेल असं वाटत नाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं साल असेल. ग्रां बुआ या आमच्या गावी देवळामागच्या खोलीत मी संध्याकाळी मुलांना मराठी शिकवायचो, म्हणून गाव मला मास्तर म्हणे. त्याआधीचं वर्ष कॅन्सरच्या इंजेक्शनांत गेलेलं. गाठी गेल्या, जीव वाचला, पण इंजेक्शनांनी पायांच्या नसा मारून टाकल्या. घोट्याखाली पाय आहेत की नाहीत, ते बघितल्याशिवाय कळेना! डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार, चालताना पायांकडे बघत चला. मग काय, मी हातात काठी घेऊन, मान खाली घालून चालायला लागलो. लोकांना वाटे, मास्तरचं काहीतरी हरवलंय.

तेही चाललं असतं हो. पण झाकरी? गणपतीसमोर गोल धरून गात नाचायची आमची झाकरी मी मिसरूड फुटल्यापासून नाचत आलेलो. आणि झाकरीचे म्होरके, माझे सख्खे चुलते दामूकाका, त्यांनी निरोप पाठवला, यंदा मास्तरने बसून टाळ वाजवावेत. बसून! मला रडूच आलं. एवढ्या दुखण्यातून उठलो, ते काय कोपऱ्यात बसायला?

मी ठरवलं, आरतीला असं ताठ चालत जायचं की माझ्या पायांकडे कुणाचं लक्षच जाऊ नये. बायको म्हणाली, ताठ चाला, पण खाली बघा. मी कुठला ऐकतोय!

देवळाच्या पायरीपाशी सगळ्यांसारख्या मीही सपाता झटकल्या आणि मान वर करून आत शिरलो.

आत बघतो तर काय, जो तो माझ्या पायांकडेच बघतोय. बायका एकमेकींना कोपर मारतायत. मला वाटलं, कौतुक! काठीशिवाय चालतोय ना मी! मग मी उगाचच समईपर्यंत गेलो आणि परत आलो, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. आमच्या शेजारच्या शांतामावशींनी तोंडावर हात ठेवला.

"आयो मास्तर, तुझा पाय…"

"मारी बों, मावशी!" मी म्हणालो. "एकदम झकास, अगदी पहिल्यासारखा!"

मावशींना पुढे बोलवेना. गहिवरल्या असतील, असं मला वाटलं. आहे की नाही कमाल?

तेवढ्यात दामूकाका आले. माझं कोपर धरून हळूच म्हणाले, "मास्तर, जरा खाली बस."

झालं! बस म्हणजे टाळ घेऊनच बस, दुसरं काय? माझं डोकंच फिरलं.

"बसणार नाही, काका! चालत आलोय मी. बघा हा पाय!"

आणि मी उजवा पाय थेट गणपतीसमोर गुडघ्याएवढा उचलला.

त्या संध्याकाळी माझ्या पायाकडे मी पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा. पायात निळ्या पट्ट्याची सपात! डावी पायरीवर राहिलेली, उजवी माझ्याबरोबर दर्शनाला आलेली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि पाय खाली टेकू तरी कुठे? देवासमोरच्या सतरंजीवर? मी तसाच उभा. काका वाकले, त्यांनी माझ्या पायातून सपात काढली आणि वाकल्या वाकल्याच वर बघितलं.

"किती वेळ एका पायावर उभा आहेस, कळतंय का तुला?"

मला कुठलं कळायला! इस्पितळात एका पायावर उभा राहून बघायचो, तर दोन मोजायच्या आत आडवा व्हायचो. आता हे ऐकलं मात्र, आणि मी काकांच्या अंगावर कोसळलो. मला सावरत ते म्हणाले, "चल, गोलात ये. माझ्या शेजारी."

नाचलो. खाली बघत, चुकत, पण शेवटपर्यंत नाचलो. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही थांबलो नाही.

झाकरीतली जागा मला मिळाली, ती आजतागायत आहे. फक्त तेव्हापासून आमच्याकडे एक नवी रीत पडली. दरवर्षी आरती सुरू होण्याआधी दामूकाका, आता नव्वदीचे झालेत तरी, हात वर करतात आणि मोठ्याने म्हणतात, "मास्तरचे पाय बघून घ्या." मग अख्खं गाव वाकून माझे पाय बघतं, आणि त्यानंतरच कापूर पेटतो.