तुंबीचे दोन हात

केरळात, अलप्पुळ्याला, आमच्या शेजारी प्रसन्ना राहते. छत्र्यांच्या कारखान्यात ती कापड शिवते. तिच्या मुलीला, तुंबीला, तान्ही असल्यापासून इसब. कोपरांच्या लवणीत कातडं लाल आणि खरखरीत, खाजवून खाजवून ओलं झालेलं. गल्लीत ज्याच्या त्याच्याकडे एक उपाय होता. कुणी मासे बंद करायला सांगे, कुणी कडुलिंब लावायला. प्रसन्नाचे सासरे वेलप्पन यांचा तेलाचा घाणा, त्यामुळे त्यांचं औषध ठरलेलं.

"आपल्या खोबरेलानं सगळ्या घराची कातडी राखली," ते म्हणायचे. "मलमं कसली लावत बसलीस?"

तुंबी चार वर्षांची असताना त्वचेच्या दवाखान्यातल्या डॉक्टर आनींनी प्रसन्नाला विचारलं, "आम्ही दोन मलमं तपासतोय. एकात खोबरेल आहे, एकात नाही. एका हाताला निळ्या झाकणाचं लावायचं, दुसऱ्याला लाल झाकणाचं. कशात काय आहे ते मलाही माहीत नाही. नको वाटलं तर कधीही थांबा, उपचार चालूच राहतील."

घरी वेलप्पन म्हणाले, "खोबरेल आहे ना? मग घाल तिचं नाव. निकाल मी आजच सांगतो."

आंघोळीनंतर अंग टिपलं की प्रसन्ना दोन्ही डब्या घेऊन बसायची. काही आठवड्यांत तुंबीचा उजवा हात मऊ पडला. त्याला निळं लागत होतं. डावा मात्र तसाच राहिला.

"निळ्यात आपलं तेल आहे," वेलप्पन शेजारीपाजारी सांगत सुटले.

एका संध्याकाळी तुंबीनं डावा हात पुढे केला. "अम्मा, याला पण निळं लाव ना. हा हात रडतोय."

प्रसन्नानं लावलं. लावताना बरं वाटलं, मग आठवलं, तपासणीसाठी डाव्याला लालच लावायचं होतं. सकाळी ती कारखान्यात न जाता थेट दवाखान्यात गेली.

"डॉक्टर, माझ्यानं राहवलं नाही. दोन्ही हातांना निळंच लावलं. तुमचं सगळं काम वाया घालवलं मी."

"सांगितलं नसतंत तर घोळ झाला असता," डॉक्टर म्हणाल्या. "कालपर्यंतचं सगळं आमच्या उपयोगाचं आहे. आता खुशाल दोन्ही हातांना निळं लावा. आधी तुमची मुलगी, मग आमची तपासणी."

प्रसन्ना तिथल्याच बाकावर बसली आणि पोटभर रडली. घरी आली ती हसत.

पुढल्या वर्षी तपासणी संपल्यावर दवाखान्यानं सगळ्या आईबापांना बोलावून चहा आणि केळ्याची भजी दिली. निकाल ऐकायला आमची गल्लीही गेली होती. वेलप्पन इस्त्रीचं मुंडू नेसून पहिल्या रांगेत बसले होते. डॉक्टरांनी सांगितलं, "दोन्ही मलमं सारखीच गुणकारी निघाली. काही मुलांना हे मानवलं, काहींना ते. ज्यांनी आंघोळ झाल्या झाल्या, हात आखडता न घेता, रोज लावलं, त्यांची मुलं जास्त सुधारली. आणि खोबरेल लाल झाकणात होतं."

सगळ्या गल्लीच्या नजरा वेलप्पनकडे वळल्या. त्यांनी हातातलं भजं सावकाश संपवलं.

"माझ्या नातीला माझी जिरवायची हौसच आहे," ते म्हणाले. "पण डॉक्टर, दुसऱ्या पोरांना चाललं ना?"

"बऱ्याच जणांना चाललं."

"मग झालं तर."

त्यांचा घाणा चालूच आहे. मात्र तुंबीला तेल लावायचा आग्रह त्यांनी पुन्हा धरला नाही.

आता सुट्टीच्या दिवशी प्रसन्ना दवाखान्यात नव्या आयांना मलम लावायला शिकवते. परवा मीही तिच्यासोबत गेले होते. एक बाई बोटाच्या टोकानं जपून लावत होती.

"डोशाच्या तव्याला तेल पुसतेस का?" प्रसन्ना तिला म्हणाली. "भरपूर घे. वरून खाली, हलक्या हातानं. चोळू नकोस."

बाईनं विचारलं, "प्रसन्नाचेची, हे बरं होतं का हो?"

"बरं होतं, मधेच परत येतं, मग पुन्हा बसतं. माझी आता शाळेत जाते. बिनबाह्यांचे झगे मागते, आणि मी शिवून देते."

बाईनं डबीत चांगली दोन बोटं घातली.