पाणमोराचं बाळंतपण

शेषेरावांची गोष्ट अर्धी करून ऐकावी आणि उरलेल्या अर्धीचीही खात्री करून घ्यावी, असं कंधारात लोक म्हणत. एसटीचं स्टेअरिंग सोडून घरी बसलेला हा माणूस. आवाज असा, की नोकरीत हॉर्नची फारशी गरज पडली नसावी. निवृत्तीला थोरल्या लेकानं, सत्यमनं, दुर्बीण आणून दिली, आणि तेव्हापासून रोज सकाळी किल्ल्याच्या खंदकाकाठची पायवाट हा त्यांचा रूट झाला. खंड्या, टिबुकली, वंचक अशी एकेक ओळख होत गेली. पुढे ते रविवारी हौशी लोकांना पाखरं दाखवायला घेऊन जाऊ लागले.

पण जित्याची खोड कुठं जाते? एकदा साध्या बगळ्याला त्यांनी थेट सैबेरियाचा पाहुणा ठरवलं होतं. तेव्हापासून त्यांचे शाळासोबती व्यंकटराव त्यांना चारचौघांत फेकूराव म्हणत. शेषेराव वरवर हसायचे, पण आत लागायचं. गावानं एकदा तरी आपल्या शब्दावर मान डोलवावी, एवढीच त्यांची हौस होती.

श्रावणात ती वेळ आली. ढासळलेल्या बुरुजाखाली, खंदकाच्या कोपऱ्यात, कमळाच्या पानांवर त्यांना पाणमोर दिसला. पांढरं तोंड, सोनेरी मान आणि विळ्यासारखी वाकलेली लांब काळी शेपटी. त्या खंदकात तो आजवर कुणी पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं. दुपारपर्यंत ही बातमी बाजारभर झाली. व्यंकटराव म्हणाले, "रविवारी दाखव. दिसला तर भर चौकात तुला गुरू म्हणतो. पुन्हा फेकूराव म्हणायचा न्हाई."

त्याच आठवड्यात लेक ऋतुजा माहेरी बाळंत झाली. नातू झाल्याच्या आनंदात शेषेराव तीन मित्रांना बाळ दाखवायला घेऊन आले, तर बायको तारामतीबाई दोन्ही हात पसरून दारात उभ्या. "बाळंतिणीच्या खोलीत जत्रा भरवता का? माघारी जावा." मित्रांना ओसरीवर चहा पाजून परत पाठवावं लागलं. बायकोनं चारचौघांत पाणउतारा केला म्हणून शेषेराव दिवसभर गाल फुगवून बसले.

रविवारी सकाळी किल्ल्यापाशी ही गर्दी. व्यंकटराव होते, आळीतले लोक होते, आणि नांदेडच्या कॉलेजातली मंडळी खास गाडी करून आली होती. सगळ्यांना वळणावर थांबवून शेषेराव अंदाज घ्यायला पुढं गेले.

पाणमोर होता. पानांवर अंग चोरून बसला होता. यांची चाहूल लागताच तो जरा उठला, आणि त्याच्या पोटाखाली तपकिरी, चकचकीत अंडी दिसली. या जातीत मादी अंडी घालून निघून जाते आणि नर उबवत बसतो, हे शेषेरावांना ठाऊक होतं. वर बुरुजावर कावळा बसला होता, त्याचीही नजर तिथंच. पायवाट तर अगदी जवळून जाणारी. एवढी माणसं आली की बाप उठणार, आणि तो उठला की कावळा उतरणार.

हाक तर ओठावर आली होती. इतकी वर्षं हसलेल्या लोकांची तोंडं एका हाकेनं बंद झाली असती. मागून पावलं वाजली, तसे शेषेराव वळले आणि दोन्ही हात पसरून वाटेत उभे राहिले. अगदी तारामतीबाई उभ्या होत्या तसे.

"काही न्हाई तिकडं," ते म्हणाले. "फेकली होती मी."

हसून हसून व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. नांदेडकर भिडस्त, ते दुर्बिणीच्या काचा पुसत राहिले. शेषेरावांनी सगळ्यांना दुसऱ्या बाजूला नेलं आणि खंड्या दाखवला.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं खरं सांगितलं. बाप अंडी उबवतो म्हटल्यावर तारामतीबाई हसल्या आणि जावयाला एकदा नेऊन दाखवा म्हणाल्या. मग हसू आवरून त्यांनी विचारलं, "पुऱ्या गावासमोर, सोताच्या तोंडानं म्हणलात?"

"हाव."



सव्वा महिन्यानं बारसं ठरलं. त्या दिवशी उजाडताच शेषेराव बायकोला किल्ल्यावर घेऊन गेले. बापामागून पिल्लं पानापानांवर पाय टाकत चालली होती. तारामतीबाई बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

दुपारी पंगतीची पानं मांडली जात असताना व्यंकटराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नातवाचं नाव पाणमोर ठेवा. तेवढाच एक तरी दिसंल." मांडव हसला. तारामतीबाई रागानं लाल झाल्या. सकाळचं सगळं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण शेषेरावांनी मान हलवून त्यांना अडवलं. पिल्लांना अजून उडता येत नव्हतं.

तारामतीबाईंनी ओठ मिटले, सुनेच्या हातातलं पुरणपोळ्यांचं ताट घेतलं आणि पहिल्या पंगतीतला पहिला पाट नवऱ्यापुढं सरकवला. यजमानानं पाहुण्यांच्या आधी बसायचं नसतं, म्हणून शेषेराव अवघडले.

"बसा," त्या म्हणाल्या. "आज आमच्या मालकांचं पान पहिलं."

असं काय म्हणून, व्यंकटरावांनी विचारलंच. तारामतीबाईंनी नवऱ्याच्या पानात पोळी वाढली, वर तुपाची धार धरली, आणि व्यंकटरावांकडं बघून म्हणाल्या, "तेवढा मोठा माणूस हाय त्यो."

शेषेराव खाली मान घालून जेवले. त्या पंगतीत त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही.