परबकाकांनी दूध सोडलं

परबकाकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या खिडकीला ग्रिल बसवायला आलेल्या माणसाशी भांडत होते. भांडत म्हणजे, तो माणूस भांडत होता आणि काका ग्रिलची पट्टी चिमटीत धरून शांतपणे उभे होते. आम्ही चिखलोलीच्या या नव्या इमारतीत सामान घेऊन आलो त्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. समोरच्या दारातून हे गृहस्थ बाहेर आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि पट्टीला हात लावून म्हणाले, "सोळा गेज सांगितलंस ना यांना? हे अठरा आहे, पातळ. नो-गो!"

"अंकल, हात लगाके थोडी ना पता चलता है," तो माणूस म्हणाला. काकांनी घरातून जाडी मोजायचं कॅलिपर आणलं, पट्टीला लावलं आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. अठरा गेजच निघालं. तो मुकाट्याने ग्रिल उचलून घेऊन गेला.

दत्ताराम परब अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात तेहतीस वर्षं तपासनीस होते. तयार झालेला भाग मापात आहे की नाही हे पाहायचं काम. भोकात मापाची एक बाजू गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. पहिलीला ते 'गो' म्हणत, दुसरीला 'नो-गो'. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, हे शब्द काही सुटले नाहीत. पिलपिलीत टोमॅटो नो-गो, खोटं बोलणारा प्लंबर नो-गो. चांगल्या माणसाला मात्र ते कधी तोंडावर 'गो' म्हणत नसत. नुसती मान हलवत. लग्नाची पत्रिका आली की ती उघडण्याआधी अंगठा आणि तर्जनीत धरून तिच्या कागदाची जाडी सांगत. "डोळे फसतात गो मीनल," मला मालवणी हेलात म्हणायचे, "बोट फसत नाही."

जवळच स्टेशन होणार म्हणून त्यांनी आणि काकूंनी इथे घर घेतलं होतं. स्टेशन व्हायच्या आधीच काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. काकू गेल्या आणि काकांचे मासे सुटले. "तत्त्व वगैरे काही नाही," ते सांगत. "ती करायची तसं सार मला येत नाही. आणि दुसऱ्या कोणाच्या हातचं खायला घेतलं की ती आठवते. मग घास खाली जात नाही." पण दूध होतं. रोज सकाळी किटली घेऊन ते अंबरनाथच्या बाजूच्या एका तबेल्यात चालत जात. समोर काढलेलंच दूध आणत आणि येताना आमच्या दारावर टकटक करून विचारत, "चहा टाकू का दोघींचा?" दोघी म्हणजे मी आणि माझी सासू. सासूबाई होत्या तोवर ते तिघांचं चहाचं मंडळ रोज भरायचं.

मग एके दिवशी ते तबेल्यातून रिकामी किटली घेऊन परतले. दारात उभे राहिले, पण चहाचं विचारलं नाही. मीच विचारलं, "काय झालं काका?"

"त्या म्हशीचं रेडकू गेलं परवा," ते म्हणाले. "रेडकू नाही तर ती पान्हा सोडत नाही. म्हणून तबेलेवाल्याने काय केलं ठाऊक आहे? रेडकाच्याच कातड्यात गवत भरलं आणि चार काठ्यांवर तिच्या पुढ्यात उभं केलं. ती चाटत होती गो. इकडे तो पिळत होता आणि ती चाटत होती." त्यांनी रिकामी किटली खाली ठेवली. मग म्हणाले, "मी इतकी वर्षं समोर उभा राहून दूध घेतलं. आणि बघितलं काय, तर पाणी घालतो की नाही एवढंच."

त्या दिवसापासून दूध बंद. दही, ताक, तूप, सगळं बंद. आता त्यांच्या ताटात भात, आमटी, कुळथाची पिठी, पालेभाज्या, शेंगदाणे आणि नारळ. "कोकणातल्या माणसाला नारळ असला की दूध कशाला हवं?" असं म्हणत. गवती चहा घातलेला कोरा चहा प्यायचे. कोणाला उपदेश केला नाही. "मी तुम्हाला सांगत नाही, तुम्ही मला सांगू नका," एवढंच त्यांचं म्हणणं.

पण लोक सांगत. आपल्याकडे माणूस घरी आला की त्याच्यापुढे चहाच येतो, आणि चहा नाकारणाऱ्याचं काय करायचं हे कोणाला कळत नाही. पहिल्या वर्षी इमारतीतले लोक आग्रह करत, दुसऱ्या वर्षी चेष्टा करत, तिसऱ्या वर्षी बोलवायचेच बंद झाले. माझ्या सासूबाईही त्या सुमारास गेल्या. काकांचं चहाचं मंडळ संपलं.

आणि माझ्या हातून जे घडलं ते मी इथे लिहिलंच पाहिजे. चेष्टेच्या त्या दुसऱ्या वर्षी इमारतीत सत्यनारायणाची पूजा होती. काका दर्शनाला आले, नमस्कार केला, शिऱ्याच्या द्रोणावर हात ठेवून "नको" म्हणाले. शिऱ्यात दूध आणि तूप. सगळे बसले होते, मला विनोद करायची हुक्की आली आणि मी मोठ्याने म्हणाले, "काय काका, देवाचा प्रसादसुद्धा नो-गो?" सगळी मंडळी हसली. एकजण म्हणाला, "घासफूस खाके कितना दिन चलेगा, परबसाहेब?" पुन्हा हशा. काकाही हसले. मग हळूच चपला घालून निघून गेले. त्यानंतर ते कुठल्याच कार्यक्रमाला आले नाहीत. मी माझ्या संसारात आणि नोकरीत होते. जिन्यात भेटले की "बरं आहे ना काका?" आणि त्यांचं "बरं आहे." समोरासमोरची दारं, पण आठ-आठ महिने मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नाही.

मी काय नोकरी करते तेही सांगते. उल्हासनगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी लोकांचं रक्त काढते आणि तपासते. सतरा वर्षं झाली. त्यामुळे मला काही दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. सगळं दिसलं होतं. लोणचं द्यायला गेले तर म्हणाले, "नको, जीभ सोलवटल्यासारखी झालीय, तिखट लागतं." मला वाटलं, उष्णता. लिफ्ट बंद होती तेव्हा दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून धापा टाकताना दिसले. मला वाटलं, वय. चेहरा पिवळट दिसायचा, आणि दिवे गेले की भिंत चाचपत चालायचे. इस्त्रीचे शर्ट जाऊन एकाएकी टी-शर्ट आले, तर मी नवऱ्याला म्हटलं, "काका मॉडर्न झाले बघ."

मे महिन्यातली दुपार. अर्धा दिवस भरून मी रिक्षातून उतरले तर समोरून काका भाजीची पिशवी घेऊन येत होते. पाय फाकवून टाकत, जरा आपटत चालत होते. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी. रस्त्याचं डांबर इतकं तापलं होतं की माझ्या चपलेला खालून चटके बसत होते.

"काका, चप्पल कुठे गेली?"

त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले, जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा होता. "होती," ते म्हणाले. "निघताना दोन्ही होत्या."

त्यांना धरून घरी नेलं, खुर्चीत बसवलं, पाय पाहिला. तळव्याला फोड आले होते, एक फुटून पाणी वाहत होतं. "दुखत नाही?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. जखम धुताना मी मुद्दाम जरा दाबलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

कपाटाचं दार उघडं होतं. आत पांढरे शर्ट ओळीने टांगलेले, इस्त्री केलेले. मी तिकडे पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"बटण लागत नाही," काका म्हणाले. "तीन-चार महिने झाले. बटण हातात आहे की नाही तेच कळत नाही. आधी पायाला मुंग्या यायच्या. मग हाताला. आता मुंग्यापण नाहीत."

"मग सांगितलं का नाहीत? मी समोर राहते, हेच काम करते!"

"काय सांगू?" ते अगदी साधेपणाने म्हणाले. "सगळे म्हणाले असते, बघा, दूध सोडलं ना, भोगा आता. पुन्हा हसले असते." मग माझ्याकडे पाहून, "तू पण."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना लॅबमध्ये नेलं. रक्त मीच काढलं, तपासलंही मीच. बी-ट्वेल्व जीवनसत्त्व इतकं कमी होतं की मशीनने नीट आकडाच दिला नाही, फक्त अमुक एका आकड्याच्या खाली एवढं छापलं. आमचे डॉक्टर उल्हासनगरातच वाढलेले सिंधी गृहस्थ. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरतात. त्यांनी काकांचे डोळे मिटवून त्यांना उभं केलं, काका लगेच डुलले. जीभ पाहिली. लालभडक आणि गुळगुळीत.

"परबसाहेब, दूध छोड़ा, उसमें गलत कुछ नहीं," डॉक्टर म्हणाले. "डाळी, शेंगदाणे, भाज्या, तुमचं जेवण चांगलंच आहे. पण नसांना लागणारं बी-ट्वेल्व त्यात नाही. शरीरात साठा असतो, काही वर्षं पुरतो, मग संपतो. वयाबरोबर पचवायची ताकदही कमी होते. ज्याने दूध, अंडी, मासे सगळं सोडलं, त्याने गोळी घ्यायलाच पाहिजे आणि वर्षातून एकदा रक्त बघायला पाहिजे. जीभ लाल होणं, मुंग्या, दम लागणं, तोल जाणं, ये सब आवाज़ दे रहे थे आपको."

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. "हे इंजेक्शन कशापासून करतात?"

"जंतूंपासून. टाकीत वाढवतात. जनावर कुठलंही नाही."

"मग चालेल," काका म्हणाले. आणि दुसरा प्रश्न विचारताना त्यांनी हात टेबलाखाली घेतले. "बोटांतलं परत येईल?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर हो म्हटलं असतं. आता बघू."

सहा महिन्यांपूर्वी मी समोरच राहत होते.

इंजेक्शनं मी घरीच दिली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. पंधरवड्यात जीभ बरी झाली, दोन महिन्यांत चेहऱ्यावर रंग आला. पावसाळा संपेपर्यंत काठी घेऊन खालपर्यंत जाऊ लागले. रविवारी मी माझं ताट घेऊन त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागले. आम्ही फार बोलत नसू. ते नारळाचं दूध काढायला सांगत, मी सोलकढी करत असे. ते म्हणत, "मीठ कमी," आणि मी मीठ घालत असे.

एका रविवारी इंजेक्शनचा रिकामा खोका त्यांनी टेबलावरून उचलला. अंगठा आणि तर्जनीत त्याचा पुठ्ठा धरला, डोळे मिटले. मी जेवायची थांबले. मग त्यांनी खोका खाली ठेवला. "काहीतरी धरलंय एवढं कळतं," ते म्हणाले, आणि भात कालवू लागले.

दिवाळीनंतर कुडाळजवळच्या गावातून त्यांच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. तीही एकटीच. "दादा, दोघं एकएकटे राहून काय करतोय? इकडे ये." काका तयार झाले. जायच्या दिवशी त्यांनी कपाटातला पांढरा शर्ट अंगात घातला आणि माझ्यापुढे उभे राहिले. मी त्यांची बटणं लावून दिली, गळ्यापर्यंत सगळी. गाडी आली, सामान चढलं. बसता बसता त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "त्या प्रसादाचं मनात ठेवू नकोस," म्हणाले. "मी ठेवलं होतं. पण आता नाही." त्यानंतर त्यांचं दार बंदच राहिलं.

सुरुवातीला फोन व्हायचे. गोळी घेता का, रक्त तपासलं का, हे मी विचारायची. ते म्हणायचे, "बहीण देते न विसरता." मग फोन कमी झाले. दीड वर्षाने एका सकाळी त्यांच्या बहिणीचा फोन आला. झोपेतच गेले, हृदय बंद पडलं. शेवटची संध्याकाळ कशी गेली म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "छान गेली. दोघं जेवलो. त्याने दुसऱ्यांदा भात घेतला."

लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी आलेल्या म्हाताऱ्या माणसांची रांग असते. सुई टोचण्याआधी मी त्यांना आता तीन गोष्टी विचारते. फॉर्मवर त्यांना जागा नाही. जेवणात काय काय असतं? हातापायाला मुंग्या येतात का? आणि जेवता कोणाबरोबर? पहिल्या दोन प्रश्नांना लोक भरभरून उत्तरं देतात. तिसऱ्याला पुष्कळजण खिडकीकडे पाहतात. मागची रांग कुरकुरते. मी त्यांचा दंड हातात धरून तशीच थांबते.