बाण सरळ म्हणतो

व्यासराज आचारांची गोष्ट सांगायची म्हणजे आधी मरुदानल्लूरच्या शाळेतला एक दिवस सांगायला हवा. आम्ही दोघे तिथे एकाच बाकावर. वाध्यारांनी, म्हणजे मास्तरांनी, एकदा विचारलं, "तुमच्या गल्लीत घरं किती?" आम्ही बोटं मोजत बसलो. व्यासराज उठला आणि पहिल्या घरापासून कोण कोण राहतो, कोणाचे आजोबा कधी गेले, कोणत्या तिथीला गेले, हे सांगत सुटला. सातव्या घरापाशी वाध्यार म्हणाले, "बस कर रे, माझ्या आजोबांची तिथी मलाच आठवत नाही!" व्यासराजानं तीही सांगितली. अमावास्या होती. वाध्यारांनी त्या वर्षापासून श्राद्ध चुकवलं नाही.

तोच पुढे कुंभकोणमला आमच्या मराठी घरांचा आचार, म्हणजे भटजी, झाला. चाळीस घरं, प्रत्येक घरातले तीन पिढ्यांचे पितर, त्यांची गोत्रं, तिथ्या, सगळं डोक्यात. वही नाही. सायकलवरून निघायचा, पिशवीत दर्भ आणि तीळ, आणि कावेरीच्या दोन्ही काठांवरची कोणतीही आळी त्याला सांगा, तो डोळे मिटून जाईल. कोणी म्हणालं, आचार, एक वही घाला, तर म्हणायचा, "वही हरवते. मी कुठं हरवतो?"

हे त्याचं वाक्य मी कितीदा ऐकलं आणि कितीदा हसलो. आता लिहिताना हात जरा थांबतो.

अठ्ठ्याण्णव सालचा मार्गशीर्ष. सकाळी व्यासराजाची बायको कृष्णवेणी माझ्या दारात. पहिल्या बसनं ती नदीपलीकडे मुत्तगरमला निघाली होती, श्राद्धाचा स्वयंपाक करायला.

"भावजी, पितृस्थानी जेवायला बसायला तुम्ही येणार ना आज?"

"येणार म्हणजे! काल रात्रीपासून उपाशी आहे. तुझे उडदाचे वडे डोळ्यांपुढे नाचताहेत."

ती हसली नाही. "मग यांच्याबरोबरच गाडीतून या. यांच्या शेजारी बसा. सोडू नका."

"कां गं? तब्येत?"

"जरा दमतात हल्ली," म्हणाली आणि बस चुकेल म्हणून पळाली.

श्राद्ध होतं जानकीरामाचं. मुत्तगरममध्ये जन्मला, नोकरीसाठी जमशेदपूरला गेला आणि तिथेच संपला. जाताना मुलाला सांगून गेला की एक तरी श्राद्ध माझ्या गावच्या काठावर कर, व्यासराजाच्या हातून कर, गाव त्यालाच माहीत आहे. मुलगा वरदराज, अमेरिकेत इंजिनियर, गाव कधी न पाहिलेला. तिरुच्चीच्या विमानतळावरून भाड्याची ॲम्बेसिडर घेऊन आला, गाडीबरोबर तिरुच्चीचाच ड्रायव्हर शंकरनारायण. त्याच संध्याकाळचं परतीचं विमान. तिथी तीच एक, आणि संकल्प बाराच्या आत सोडायचा. असा सगळा घट्ट बांधलेला दिवस.

गाडीत बसलो तर पुढच्या काचेखाली चिकटपट्टीनं काहीतरी चिकटवलेलं. साबणाच्या वडीएवढं काळं, वर बोटभर शेंडी, पोटाला राखी काच.

"टेलिफोन काय रे हा?" मी विचारलं.

"जीपीएस, काका. आकाशात उपग्रह आहेत, ते आपण कुठं आहोत ते याला सांगतात. तिकडच्या लायब्ररीत जुना नकाशा पाहून मी मुत्तगरमचे आकडे यात घातलेत. हा बाण पाहा. तो दाखवील तिकडं गाव. किती मैल राहिलं तेही खाली दिसतं."

शंकरनारायण तमिळमध्ये म्हणाला, "सार, माझ्याकडंही एक यंत्र आहे. चहाच्या दुकानापाशी काच खाली करतो आणि विचारतो. त्याला सेल लागत नाहीत."

"आज विचारायचं नाही," वरदराज हसत म्हणाला. "आज याची परीक्षा."

"आणि मागं आचार बसलेत ना," मी म्हणालो. "यंत्र चुकलं तर ते सांगतील."

व्यासराज पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

गाडी निघाली. काचेवर कधी बाण यायचा, कधी नुसतीच रिकामी काच. मग वरदराज म्हणायचा, गल्ली अरुंद आहे, आकाश दिसत नाही त्याला. शंकरनारायण म्हणायचा, आकाश तर मलाही दिसत नाही, तरी चालवतोय. मी पोट धरून हसत होतो. उपाशी पोटी हसलं की दुखतं, हे त्या दिवशी कळलं.

गावातल्या पुलाचं वळण आलं. शंकरनारायणानं गाडी हळू केली. "सामी, डावीकडं का?"

मी स्वतः मुत्तगरमला कधी गेलो नव्हतो. आमची सगळी सोयरीक दक्षिण काठाची. शिवाय व्यासराज गाडीत असताना वाट विचारायची ती कोणाला?

व्यासराजानं वळणाकडे पाहिलं, मग त्या काचेकडे. "बाण काय म्हणतो?"

"जवळजवळ सरळ, काका."

"मग सरळ."

आम्ही सरळ गेलो. मायवरमचा रस्ता लागला, तिरुभुवनम् आलं, रस्त्याकडेला रेशमाचे लांब धागे ताणून विणकर ब्रशनं पाजण देत होते. आकडा झरझर उतरत होता. पाऊण मैल, अर्धा मैल. बाण हळूहळू डावीकडे वळला. गाडी डावीकडच्या कच्च्या वाटेला लागली, केळीच्या बागेतून धक्के खात गेली, आणि थांबली.

पुढे कावेरी. दोन्ही काठ भरून वाहणारी, मातकट. पलीकडे नारळ, एक बुटकं गोपुर, आणि एका कौलावरून निघणारा धूर. बहुतेक आमच्याच वड्यांचा.

काचेवर बाण ताठ पुढे. खाली आकडा, पाव मैलाहून कमी.

शंकरनारायणानं इंजिन बंद केलं. "सार, यंत्र एकदम बरोबर आहे. आता मी पोहू, की गाडी पोहेल?"

वरदराजाचा चेहरा उतरला. त्यानं घड्याळ पाहिलं, अकरा वाजून पाच. "काका, पूल कुठं आहे?"

गावातला पूल मलाही ठाऊक होता, पण इकडे जवळ एखादा असेल तर तो व्यासराजालाच; आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

व्यासराज नदीकडे बघत होता. या नदीला तो साठ वर्षं ओळखत होता. पण ज्या नजरेनं बघत होता ती मी कधी विसरणार नाही. परगावच्या स्टेशनवर उतरलेला माणूस फलाटाकडे बघतो ना, तशी. त्याचा हात आला आणि माझ्या धोतराचा काठ मुठीत धरून राहिला.

"पूल..." तो म्हणाला. "पूल यंत्र सांगेल की."

वरदराजाला ते बोचलं. "सॉरी काका. यात पूल नाहीत. नद्याही नाहीत. नुसती जागा आहे. माझंच चुकलं. तुम्ही असताना मी याचं ऐकलं."

"असू दे रे," व्यासराज म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मी त्याच्याकडे वळून पाहिलं.

केळीच्या बागेत एक बाई पानं कापत होती. शंकरनारायणानं अखेर आपलं यंत्र वापरलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मागं गावात पूल सोडून आलात की! वाटेत कुणाला विचारायचं नाही का?"

परत सगळा रस्ता. वरदराजानं यंत्र काढून मांडीवर पालथं ठेवलं होतं. "बाबांचं एवढं एकच मागणं होतं," तो एकदा म्हणाला, आपल्याशीच. शंकरनारायण मात्र भोंगा वाजवत असा चालवत होता की जणू श्राद्ध त्याच्याच बापाचं.

पोचलो तेव्हा बाराला पंधरा मिनिटं होती. कृष्णवेणी ओसरीवर उभी. उशीर का, हे तिनं विचारलंच नाही. तिनं आधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. तिला कळलं की मला कळलं.

व्यासराज घाटावर बुडी मारून आला, बसला, आणि मंत्र सुरू झाले. काय सांगू! तोच आवाज, तोच वेग. मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, रघूत्तमा, तूच म्हातारा झालास, काहीबाही बघतोस. वरदराजाच्या बोटात दर्भाचं पवित्र, व्यासराज संकल्प सांगतोय, तो मागून म्हणतोय. संकल्पात आपण कुठं बसलोय ते देवाला सांगायचं असतं: द्वीप, खंड, देश, मग नदी, मग नदीचा कोणता काठ.

"कावेर्याः..." व्यासराज म्हणाला.

आणि थांबला.

वरदराज म्हणाला, "कावेर्याः." आणि वाट बघत राहिला.

आमचं कुंभकोणम दक्षिण काठाला. हजारदा म्हटलेला शब्द जिभेवर येतच असणार. पण आज नदी ओलांडली होती. ओलांडली का? केव्हा? गाडी तर नदीपर्यंत जाऊन परतली होती. त्याच्या कपाळावर हे सगळं चाललेलं मला दिसत होतं. मी तोंड उघडणार, इतक्यात स्वयंपाकघरातून कृष्णवेणीचा खणखणीत आवाज आला:

"मंगला! उत्तरेच्या घाटावरून पाणी आणायला सांगितलं होतं ना गं? आणलंस का?"

मंगला, तिच्या हाताखालची, बावरून म्हणाली, "इथं दुसरा घाट कुठाय, अक्का?"

"उत्तरे तीरे," व्यासराज म्हणाला, आणि पुढे एकदाही अडखळला नाही. जानकीराम, त्याचे वडील, त्यांचे वडील, तिघांची नावं न विचारता घेतली. गेलेल्यांपैकी एकही त्याच्या हातून सुटला नाही.

वडे खाल्ले मी. दहा खातो एरवी. त्या दिवशी तीनच खाल्ले, आणि ते कसे होते ते आठवत नाही.

निघताना वरदराज वाकला. "काका, आशीर्वाद द्या. आणि तुम्हाला तिकडून काय पाठवू ते सांगा. संकोच करू नका."

व्यासराजानं इकडेतिकडे पाहिलं. कृष्णवेणी भांडी बांधत होती. तो हळूच म्हणाला, "त्या यंत्रात माझं घर घालता येईल का रे?"

वरदराज हसला. "काका, तुमचं घर तुम्हाला..." आणि त्याचं हसू तिथेच थांबलं. नदीकाठी विचारलेला पूल आणि मघाचा संकल्प, दोन्ही त्याच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. "येईल," तो म्हणाला. "दारात उभं राहून घालतो."

आणि घातलं. परतल्यावर व्यासराजाच्या ओट्यावर तो यंत्र आकाशाकडे धरून दहा मिनिटं उभा राहिला. विमानाची वेळ होत आली होती, शंकरनारायण भोंगा वाजवत होता, तरी त्यानं सगळं नीट समजावलं. सेल कसे बदलायचे, काच कशी उजळायची. "आणि काका, चालत राहायचं. तुम्ही चालत असाल तरच बाण खरा. उभे राहिलात की याला दिशा कळत नाही. शंभर-दीडशे फुटांची चूकही असते यात." यंत्र व्यासराजाच्या हातात ठेवून तो गेला.

नंतरचे दोन महिने बरे गेले असं मी म्हणत होतो. व्यासराज लांबच्या घरी जाईनासा झाला, जवळच्या घरी जायचा, पिशवीत दर्भाशेजारी यंत्र. दुपारी कृष्णवेणी त्याला समोर बसवायची, तो एकेका घराच्या तिथ्या सांगायचा आणि ती वहीत उतरवायची. "वही हरवते," तो म्हणायचा. ती म्हणायची, "हरवू दे. तुम्ही सांगा."

मग मासी महिन्यातली, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनातली, एक सकाळ. मी महामहम तळ्याकडून केळी घेऊन येत होतो. एका अरुंद गल्लीत, एका घराच्या बिनदाराखिडकीच्या भिंतीला तोंड करून व्यासराज उभा. नाक आणि भिंत यांत हातभर अंतर. हातात यंत्र. पाठीमागून सायकली जात होत्या, एक पोरगी वळून वळून बघत होती.

"व्यासू! इथं काय करतोस?"

"घरी निघालोय. तीनशे फूट राहिलं."

"मग चल की."

"बाण सरळ म्हणतो."

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे दुसरी आळी, तिच्यापलीकडे तिसरी, तिच्यात त्याचं घर. यंत्र खोटं बोलत नव्हतं. किती वेळ उभा होता कोण जाणे. मी त्याचा हात धरला. शाळेतून येताना ओढा भरला की धरायचो, तसा.

"असं वळून जाऊ," मी म्हणालो. "मला एक जवळची वाट माहीत आहे."

चार पावलं गेल्यावर तो म्हणाला, "रघू, कृष्णवेणीला सांगू नकोस."

"नाही सांगत."

आणखी चार पावलं. "तिला माहीत आहे, ना?"

मी केळी या हातातून त्या हातात घेतली. "हो."

"कधीपासून?"

"तुझ्याआधीपासून असेल."

त्यानं माझा हात घट्ट धरला. आम्ही त्याच्या दारात आलो. रांगोळी ओली होती, कृष्णवेणी आताच घालून आत गेली असावी. व्यासराज उंबऱ्याबाहेर थांबला आणि काचेकडे पाहू लागला.

"अजून नव्वद फूट आहे," तो म्हणाला.

आतून कडी वाजली. कृष्णवेणीनं दार उघडलं, हात पदराला पुसत. तिनं केळी पाहिली, यंत्र पाहिलं, धरलेले हात पाहिले. "अंघोळीचं पाणी निवतंय," ती म्हणाली. "आत या."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा काचेकडे. मग यंत्र माझ्या केळ्यांवर ठेवलं आणि उंबरा ओलांडला.