जयपुरातला एकमेव श्रोता

विनया मूळची कोल्हापूरची. नवरा कौशिक विमा कंपनीत अधिकारी. त्याच्या बदल्यांमागे भोपाळ, रायपूर करत ती जयपूरला आली आणि वैशाली नगरात तिसऱ्या मजल्यावर सहा वर्षं मुक्काम पडला. मुलगी मैथिली हिंदीतच वाढली. मराठी तिला समजायचं, पण बोलताना दर वाक्यात ‘मतलब’ यायचं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी विनयाने एक गोष्ट लिहायला घेतली. पंचगंगेकाठच्या गावातल्या देवळाची घंटा चोरीला जाते आणि सगळं गाव एकमेकांकडे संशयाने बघू लागतं. दर गुरुवारी ती साड्यांच्या कपाटात डोकं खुपसून, म्हणजे बाहेरचे हॉर्न ऐकू येऊ नयेत म्हणून, एक भाग वाचून फोनवर रेकॉर्ड करायची. मैथिलीने तो एका ॲपवर टाकायला शिकवलं होतं.

मराठी मंडळातल्या बायका भेटल्या की म्हणायच्या, “छान चाललंय हं!” संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विनयाने सुधाताईंना सहज विचारलं, “चोर कोण वाटतो तुम्हाला?”

सुधाताईंनी तिळगूळ तोंडात टाकला. “तुझा आवाज फार गोड आहे गं.”

त्या दिवशी विनयाच्या मनात पाल चुकचुकली. ॲपवर कुठल्या गावात किती जणांनी ऐकलं ते दिसायचं. पुणे शून्य, कोल्हापूर शून्य, जयपूर एक. आणि हा एक जण मोठा विलक्षण होता. भाग पडला की दहा मिनिटांत हजर, आणि प्रत्येक भाग शेवटच्या सेकंदापर्यंत. इतकं मन लावून तर तिने स्वतःही कधी ऐकलं नव्हतं.

“अहो, खरं सांगा. तुम्हीच ना?”

“मी कशाला?” कौशिक म्हणाला. पण तो हसला, आणि ते हसणं तिला पटलं नाही.

तिने परीक्षा घ्यायची ठरवली. तो जयपूरबाहेर चाकसूच्या शाखेत तपासणीला गेला होता, तेव्हा मंगळवारी दुपारी, कुणालाही न सांगता तिने चौदावा भाग टाकला आणि लगेच त्याला फोन लावला. भाजी काय आणायची, गॅसवाला आला नाही, असं काहीबाही बोलत तिने त्याला वीस मिनिटं अडकवून ठेवलं. दुसऱ्या हातात टॅब होता. बोलता बोलताच आकडा हलला. जयपूर, एक.

मैथिली शाळेत, तिथे फोनला बंदी. मग कोण? सुधाताई? शक्यच नाही. की आकडेच खोटे? माणसं सोडून जाऊ नयेत म्हणून ॲपवालेच एकेक श्रोता वाटत असतील? दोन दिवस तिने एक ओळ लिहिली नाही. चोर कोण हेही तिचं अजून ठरलं नव्हतं. खोट्या माणसासाठी कशाला ठरवायचं?

शनिवारी मैथिलीच्या कपड्यांच्या कप्प्यात मोजे ठेवताना हाताला काहीतरी गरम लागलं. जुना फोन, चार्जरला लावलेला. पडद्यावर विनयाची गोष्ट, आवाज बंद.

मैथिली दारातच थांबली. “मी सेट केलं होतं. नवीन एपिसोड आला की आपोआप चालू होतो. मतलब... तुला वाईट वाटू नये म्हणून.”

“तू ऐकलीस?”

“पहिले दोन.”

“मग?”

“तू खूप मॅडमसारखं बोलतेस, आई. न्यूजसारखं. आजीशी फोनवर बोलतेस तसं नाही बोलत.”

विनया रागावली नाही, पण जेवलीही नाही. रात्री कौशिक म्हणाला, “बंद कर ना. कुणी सांगितलाय एवढा त्रास?” तो मायेनेच बोलला असावा. पण तिला वाटलं, हे तर सुटकेचा निःश्वास टाकतायत.

रविवारी सकाळी तिने तो जुना फोन बंद केला आणि एकदम चौदाही भाग पुसून टाकले. घरातल्या दोघांना वाटलं, संपलं. सोमवारी ती पुन्हा कपाटात होती. पहिल्या ओळीपासून, माहेरच्या बोलीत. वाचता वाचता तिला पुजाऱ्याचा आवाज सापडला, मग त्याच्या भांडकुदळ बहिणीचा. चोर कोण हे त्या बहिणीनेच तिला सांगितलं असं ती पुढे म्हणायची.

नवा पहिला भाग पडला. जयपूर शून्य. दुसरा, तिसरा, शून्य. तिने आकडे बघायचं सोडलं नाही, पण लिहायचंही थांबवलं नाही.

पाचव्या आठवड्यात मैथिली दात घासता घासता कपाटापाशी आली. विनयाने मान वर केली नाही. पुन्हा दयामाया असेल, तिच्या मनात आलं.

“आई, ती पुजाऱ्याची बहीण ओरडते, ‘कालवा करू नगासा.’ मी फोनवर बघितलं, कालवा म्हणजे नहर. देवळात नहर कुठून आली?”

विनयाने तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या ओठांवर फेस होता आणि कपाळावर खरीखुरी आठी.

“आमच्याकडे कालवा म्हणजे आरडाओरडा. बस,” ती साड्या बाजूला सारत म्हणाली. “सांगते.”