फ्रीजमधली चॉकलेटं

आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात आता रक्तही घेतात. साध्या धक्क्यानं बायकोचं मनगट मोडलं, म्हणून डॉक्टरांनी हाडांतलं कॅल्शियम ओढून घेणाऱ्या पॅराथायरॉईड हार्मोनची तपासणी सांगितली आणि बजावलं, रक्त थंड राहिलं पाहिजे. दुकानदारानं तिच्या प्लास्टर नसलेल्या हातातून रक्त काढलं आणि नळी काउंटरवर, भर उन्हात, डायपरच्या पुड्याला टेकवून ठेवली. लॅबचा माणूस दुपारी येणार होता.

"ती फ्रीजमध्ये ठेवा ना," मी म्हणालो.

"जागा नाही, काका. चॉकलेटं आहेत, ती वितळतात." मग माझा चेहरा बघून तो हसला. "काही होत नाही हो."

काही होत नाही! या शब्दांची मला किळस आहे. उघड्या गटारावर फळी टाकणारा हेच म्हणतो, लोंबत्या वायरीला चिकटपट्टी लावणाराही हेच म्हणतो. आणि त्याचं खरंच काही होत नाही. होतं ते फळीवर पाय देणाऱ्याचं. आतून हाडं पोखरली जात असताना, उन्हानं रक्तातलं हार्मोन नासून रिपोर्टात सगळं ठीक आलं, तर पुढचं हाड मोडेपर्यंत आम्ही त्या कागदावर विश्वास ठेवणार.

"चॉकलेटं काढा बाहेर!" मी ओरडलोच. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली, जणू आजारी मीच होतो.

बायको प्लास्टरमधला हात पोटाशी धरून उठली आणि ओशाळून म्हणाली, "अहो, चला ना. काही होत नाही."