भिंतीवर न लागलेले फोटो

चौक गावातल्या आमच्या दारात माहेरचा, भिसेगावचा माणूस उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, चला…" कोण गेलं, हे मी विचारलंच नाही. आमचा दादा गेला, त्याला आता महिना होईल.

दादा कर्जतला रेल्वेत कारकून. अंगात विटका सदरा, पण मुंबईच्या एका फोटोग्राफरने स्वतःच्या हाताने छापलेले फोटो गोळा करायचं त्याला वेडच. त्यात ना देव, ना माणूस! घाटातला रेल्वेपूल, विजेचे मनोरे, रुळांवरच्या सावल्या. मी चिडवायची, "दादा, भिंतीवर लोखंड काय टांगतोस रं?" तो म्हणायचा, "लोखंड नाय गं, त्यावरचा उजेड बघ." आणि खरं सांगते, बघता बघता मलाही तो उजेड दिसायला लागला.

मग बेचाळीसची चळवळ पेटली. डोंगरात विजेचे मनोरे पाडले गेले आणि गावोगाव झडत्या सुरू झाल्या. रेल्वेच्या माणसाच्या घरात पुलाचे अन् मनोऱ्यांचे फोटो! पोलिसांना वाटणार, पाडायच्या जागा हेरून ठेवल्यात. "जाळून टाक रं, तुला धरून नेतील," म्हणून मी रडले. दादाने सगळे फोटो उतरवले, पण काडी ओढायला काही त्याचा हात होईना.

आणि भर दुपारी पोलीस आलेच. आईने मला कोपऱ्यात बसवलं, फोटोंचा गठ्ठा माझ्या मांडीखाली सरकवला, वर घोंगडी टाकली आणि हवालदाराला म्हणाली, "तिला शिवू नका, बाजूला बसलीय ती." जन्मात खोटं न बोललेली आमची आई! हवालदार मागे सरला. त्याने सगळं घर उपसलं, तेवढा कोपरा सोडला.

ते गेल्यावर मी उठायला लागले, तर आई खेकसली, "बस खाली! देवासमोर बोललेय मी." तीन दिवस तिने मला खरोखरच बाजूला बसवलं. विटाळ म्हणजे थोतांड म्हणणारा दादाही लांबून ताट सरकवत होता.

त्यानंतर त्याने एकही नवा फोटो आणला नाही. भिंतीतले खिळेसुद्धा उपटले. स्वराज्य आलं तेव्हा मी म्हटलं, "आता तरी लाव रं." "लावू गं, घाई काय हाय…" दार लावून एकटाच बघायचा आणि परत बांधून ठेवायचा. मला संताप यायचा. वाघासारखा माझा भाऊ, इतका कसा भ्याला!

तो गठ्ठा आता माझ्याकडे आहे. परवा धीर करून मी पुलाचा फोटो भिंतीवर लावला, तोच दाराची कडी वाजली. दूधवाला होता. मी दार उघडलं तेव्हा भिंत मोकळी होती आणि फोटो माझ्या पदराखाली होता.